उचलता येईल एवढीच बाग

आमच्या गावच्या कब्रस्तानाला लागून, पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे पाच गुंठे जमीन आहे. जमातीने ती घरोघर वर्गणी काढून विकत घेतली, पुढच्या पिढ्यांच्या दफनासाठी. जुने कब्रस्तान भरत आले होते आणि जाणत्या माणसांनी वेळेवर विचार केला, एवढेच. जमीन घेतली, भोवती तारेचे कुंपण घातले आणि मग ती तशीच पडून राहिली. गाजरगवत वाढले, घाणेरीची जाळी झाली, बाजारच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशव्या उडत येऊन तारेला अडकू लागल्या. या जमिनीवर 2018 सालापासून आम्ही फळझाडे वाढवतो. जमिनीत नव्हे, जमिनीवर. प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो, हे आम्ही मुलांना व्याकरणाच्या तासाला शिकवतो. इथे तो अर्थ रोज हाताला लागतो.

आम्ही म्हणजे चार शिक्षक. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. चौघेही तिशीतले, चौघांकडे बी.एड.ची पदवी, आणि शाळा अंशतः अनुदानित असल्यामुळे पगारही अंशतः. शाळा एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरते. खाली दुकाने, वर वर्ग. मैदान नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मूळ, खोड, पान, फूल यांची चित्रे आहेत आणि आमच्या खिडकीतून दिसते ते समोरच्या दुकानाचे पत्र्याचे छप्पर. मुलांना झाड दाखवायचे तर कुठे न्यायचे, हा प्रश्न आमच्यापुढे पहिल्या वर्षापासून होता.

दुसरीकडे याच मुलांच्या घरात फळांचा धंदा होता. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील टेम्पो चालवतात. हिवाळ्यात ते पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुण्या-मुंबईच्या बाजारात पोचवतात. काहींच्या आया हंगामात फळ निवडायला, डब्यांत भरायला जातात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव 2017 पासून पुस्तकांचे गाव म्हणूनही ओळखले जाऊ लागले. हे सारे आमच्यापासून घाटाच्या चार वळणांवर. पण एकदा सातवीच्या वर्गात विचारले की, स्ट्रॉबेरीचे झाड किती उंच असते, तर एका मुलीने हात डोक्याच्या वर नेला. तिची आई पाच हंगाम स्ट्रॉबेरी निवडत होती. मुलीने फळ पाहिले होते ते डब्यात, आणि खाल्ले होते ते दबलेले, घरी आणलेले. चांगले फळ बाजारात जाते. ज्याच्या हातून जाते त्याच्या घरी उरलेले येते. ही काही एका स्ट्रॉबेरीची गोष्ट नाही, पण आम्हांला ती तिथे खटकली.

म्हणून आम्ही जमातीच्या सदरसाहेबांकडे गेलो. ती पडीक जागा मुलांसाठी वापरू द्या, म्हणालो. बैठकीत मतभेद झाले. एका बुजुर्गांनी सरळच विचारले, "मय्यत की जमीन पे मेवा उगाते क्या? कौन खायेगा वो?" त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. जमीन एका कामासाठी घेतली आहे, लोकांनी त्या नावाने पैसे दिले आहेत. ती दुसऱ्या कामाला लावताना विचारले पाहिजेच. आमचे म्हणणे एवढेच होते की, अजून तिथे कोणीही दफन नाही आणि गाजरगवतापेक्षा मुले बरी. शेवटी सदरसाहेबांनी तोड काढली. तीन अटी घातल्या. जमिनीत कुदळ मारायची नाही. पक्के काही बांधायचे नाही. आणि जमातीने सांगितले की एका दिवसात सगळे उचलायचे. "उठाव बोले तो उठाना. उस दिन बहस नक्को."

आम्ही अटी मान्य केल्या आणि घरी येऊन उचलता येईल अशा बागेचा विचार करू लागलो.

कुंड्या विकत घेणे परवडणारे नव्हते. मुलांना सांगितले, घरातले रिकामे आणा. काय काय आले! रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, तेलाचे पंधरा किलोचे चौकोनी डबे, मासळीवाल्यांकडचे थर्माकोलचे खोके, फुटका टब, एका गॅरेजवाल्या पालकाने अर्धे कापून दिलेले दोनशे लिटरचे पिंप. तेलाचे डबे धुण्यात राख आणि आठवडा गेला. भोके पाडण्याचे काम आमच्या शाळेच्या शिपायाने अंगावर घेतले. त्यांना सारी शाळा मामू म्हणत असे. मामू शेगडीत सळई लाल करीत आणि बादलीच्या तळाला पाच भोके पाडीत. चार कडेने, एक मध्ये. कमी नाही, जास्त नाही. "पानी को निकलने का रस्ता होना," म्हणत, "नहीं तो जड सड जाती." कुंडीच्या शेतीचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात आहे. कुंडीतले रोप पाण्यावाचून मरते त्याहून जास्त वेळा साचलेल्या पाण्याने मरते. मूळ पाण्यात बुडाले की त्याला हवा मिळत नाही, ते काळे पडते, आणि वरची पाने सुकलेली दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

मातीचाही हिशेब होता. नुसती काळी माती बादलीत भरून, भिजवून आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली, तर काटा तीस किलोच्या वर गेला. अशा दीडशे बादल्या एका दिवसात कोण उचलणार? मग माती एक भाग, गांडूळखत एक भाग आणि काथ्याचा भुसा एक भाग असे मिश्रण केले. वजन अठरा किलोंवर आले. दोन मुले कडीला धरून नेऊ शकतील एवढे. स्ट्रॉबेरीला हे मिश्रण मानवतेही. तिला भुसभुशीत, थोडी आम्लधर्मी, पाणी धरणारी पण न साचवणारी माती लागते. अट जमातीची होती, पण ती झाडाच्या सोयीची निघाली.

रोपे पालकांनीच आणली. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपवाटिकांतून लागणीची रोपे निघतात, त्यातली कॅमारोसा, स्वीट चार्ली, विंटर डॉन या जातींची शे-दीडशे रोपे एका टेम्पोवाल्याने आणून टाकली आणि पैसे घेतले नाहीत. एका बादलीत तीन रोपे. लावताना एक गोष्ट सांभाळायची. रोपाच्या मध्यभागी जो कोंब असतो, जिथून पाने फुटतात, तो मातीच्या बरोबरीने राहिला पाहिजे. खाली गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळे उघडी पडून वाळतात. मुलांनी हे आमच्याहून लवकर आत्मसात केले. त्यांची बोटे लहान होती.

जागेची वाटणीही केली. चौदा घरे पुढे आली. प्रत्येकाला चुन्याची रेघ मारून दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा चौकोन दिला आणि उरलेली जागा शाळेची. आमच्यापैकी एकाची खाला बरीच वर्षे इंग्लंडात, लेस्टरला राहते. तिला फोनवर हे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, हे तर आमच्याकडचे अलॉटमेंट! तिकडे नगरपालिका लोकांना भाजी-फळे लावायला भाड्याने जमिनीचे तुकडे देते. त्यासाठी 1908 सालचा कायदा आहे. पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. खालाकडे त्याच्या निम्मा आहे आणि तीही स्ट्रॉबेरी बादल्यांतच लावते, कारण जमिनीतली फळे गोगलगाई खातात. तिकडे जून-जुलैत फळ येते, आमच्याकडे डिसेंबर ते मार्च. तिने एक फरक सांगितला तो लक्षात राहिला. तिकडे तुकड्यासाठी लोक यादीत नाव घालून वर्षानुवर्षे वाट पाहतात. आम्ही मनात म्हणालो, आमच्याकडे माणसे वाट पाहत नाहीत, तुकडाच वाट पाहतो.

पहिले फूल नोव्हेंबरात आले. दिवस लहान झाले, पहाटे थंडी पडू लागली की या जाती कळ्या धरतात. पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळा उंचवटा. त्या उंचवट्याचीच पुढे स्ट्रॉबेरी होते. म्हणजे आपण जे लाल, रसाळ खातो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच नव्हे. तो फुलाचा फुगलेला पाया. खरी फळे म्हणजे वरचे पिवळट दाणे, ज्यांना आपण बिया समजतो. प्रत्येक दाण्यात एक बी. हे सांगितल्यावर आठवीतला एक मुलगा बराच वेळ फळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ये तो उलटा निकला. छिलका अंदर, बीज बाहर." दुसरा प्रश्न त्याने स्वतःच शोधला. काही फळे वाकडी का? एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला चिमटलेली? उत्तर असे की, ज्या दाण्यापर्यंत पराग पोचत नाही तो भरत नाही, आणि त्याच्याखालचा गरही वाढत नाही. मधमाशी फुलावर पूर्ण फिरली की फळ सुडौल. पुस्तकात त्याला परागीभवन म्हणतात, उर्दू पुस्तकात जीरगी. दोन्ही शब्द मुलांना पाठ होते. वाकडी स्ट्रॉबेरी हातात घेतल्यावर ते पहिल्यांदा कळले.

या फळाची वंशावळही आम्ही वर्गात सांगतो, कारण तिच्यात गोष्टीचा रंग आहे. 1712 साली फ्रान्सच्या राजाने फ्रेझिए नावाच्या एका लष्करी इंजिनिअरला दक्षिण अमेरिकेत पाठवले, स्पेनचे किल्ले गुपचूप पाहून नकाशे काढायला. तिथे चिली देशात त्याला मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. परतीच्या सहा महिन्यांच्या प्रवासात त्याने रोपे जपली; जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई, तरी रोपांना पाणी मिळू दिले म्हणून मालाच्या अधिकाऱ्याला त्याने नंतर दोन रोपे दिली. 1714 साली फ्रान्सला पोचेपर्यंत पाचच जगली होती. आणि ती फळेनात. सगळी मादी रोपे होती. पुढे त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचा पराग मिळाला आणि चिलीच्या रोपांना फळे धरली. दोघींच्या संकरातून आजची बागायती स्ट्रॉबेरी निपजली. हे कोडे 1760 च्या दशकात दुशेन नावाच्या तरुणाने उलगडले, तेव्हा तो विशीतही नव्हता. दहावीच्या मुलांना आम्ही हे वय मुद्दाम सांगतो. दोन परक्या देशांतल्या झाडांची तिसऱ्या देशात गाठ पडली, आणि ते फळ इंग्रजांबरोबर आमच्या घाटावर आले. आज त्याला इथल्या गावाच्या नावाने मानांकन आहे. कोण कुठला, हे विचारणाऱ्यांनी स्ट्रॉबेरी खाताना थोडे थांबावे.

पाण्याची अडचण दुसऱ्या वर्षी आली. बोअरचे पाणी जड, क्षाराचे. सतत तेच घातल्यावर पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. क्षाराच्या पाण्याने मातीतले लोह झाडाला घेता येत नाही. तेव्हा मामूंनी मशिदीच्या वुजूखान्याकडे बोट दाखवले. नळाचे पाणी, साबण नाही, दिवसातून पाच वेळा वाहते आणि गटारात जाते. मुअज्जिनसाहेबांना विचारून वुजूखान्याच्या नाळीला पाइप लावला आणि पिंपात पाणी धरले. फजरचे पाणी सकाळी झाडांना, असरचे दुसऱ्या दिवशी. पंधरा-वीस दिवसांत नवी पाने हिरवी आली.

स्ट्रॉबेरीबरोबर दुसरी झाडेही आली. अर्ध्या पिंपात अंजीर. पुरंदरची छाटणीची काडी लावली होती. अंजिराला कुंडीत मुळे कोंडलेली चालतात, उलट फळ लवकर धरते. तेलाच्या डब्यात लिंबू. रसभरी तर दोन फळांच्या बियांतून एवढी झाली की शेवटी वाटून टाकली. डाळिंब मोहरले पण पहिली दोन वर्षे फळ टिकले नाही. तुतीला बुलबुल लागले. आम्ही जाळी लावू म्हणालो, तर एका दादीमाँनी अडवले. पाखराने खाल्लेले लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिले जाते, हे आपल्या सगळ्यांनाच लहानपणापासून ठाऊक आहे. मग तुती पाखरांची आणि स्ट्रॉबेरी मुलांची अशी वाटणी ठरली. पाखरांनी ती पूर्ण पाळली असे म्हणवत नाही.

फळ किती आले? एका रोपाला हंगामात पाव किलो, चांगल्या रोपाला थोडे अधिक. बाजारात नेण्याजोगे काहीच नाही. पण पहिल्या वर्षीच मुलांनी एक नियम केला, आम्ही न सांगता. पहिले तोडलेले फळ घरी न्यायचे ते आईला, आणि ते चांगले असले पाहिजे. त्या सातवीतल्या मुलीची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. काही बोलली नाही. जिन्याच्या खाली उभी राहून मामूंना विचारून गेली, आमचा चौकोन कोणता.

मग 2020 आले. शाळा बंद झाली. चौघांनी पाळी लावून पाणी घातले, पोलिसांना ओळखपत्र दाखवत. त्या वर्षी जुन्या कब्रस्तानात कशीबशी जागा पुरली. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुरेनाशी झाली. रमजान 14 एप्रिलला सुरू झाला होता. दुसऱ्या आठवड्यात सदरसाहेबांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, वो दिन आ गया."

बहस करायची नव्हतीच. मुलांना बोलावण्याची सोय नव्हती. आम्ही चौघे, मामू, दोन पालक, एक हातगाडी आणि ज्या टेम्पोतून स्ट्रॉबेरी जाते तो टेम्पो. तोंडाला मास्क, पोटात रोजा, डोक्यावर एप्रिलचे ऊन. एकशे चाळीस बादल्या आणि डबे, सहा पिंपे. हंगाम संपला होता, रोपांची बाहेरची पाने करपली होती, तरी काहींवर शेवटची लहान लहान फळे होती. कुणी ती तोडली नाहीत. अंजिराचे पिंप चौघांना हलेना, तेव्हा मामूंनी खाली दोन पाइप सारले आणि ते घरंगळत नेले. असरच्या अजानपर्यंत जमीन मोकळी झाली. बादल्या होत्या तिथे ओल्या गोल खुणा तेवढ्या राहिल्या, त्या मगरिबपर्यंत वाळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली कबर खोदली गेली. अठरा किलोंचा हिशेब का केला होता, ते त्या दिवशी कळले.

ईद 14 मेला होती. त्याच्या चार दिवस आधी मामू गेले. ऑक्सिजनच्या खाटेसाठी दोन गावे फिरलो. मिळाली तेव्हा उशीर झाला होता. त्यांना आणले ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पांढऱ्या पोशाखातले चार तरुण आणि इमामसाहेब. आम्ही तारेच्या बाहेर अंतर राखून उभे होतो. शाळेच्या चौकोनात, भिंतीपासून दुसऱ्या ओळीत त्यांची कबर आहे. त्या जमिनीवर त्यांनी तीन वर्षे पाणी घातले होते. त्या दोन महिन्यांत तिथे सव्वीस कबरी झाल्या.

त्यानंतर बाग नको, असेच आम्हां चौघांना वाटत होते. बादल्या शाळेच्या गच्चीवर आणि लोकांच्या पत्र्यांवर पडून होत्या. पावसाळ्यात एका मुलाचा फोन आला. त्याच्या घरच्या बादलीतून लांब दोरासारख्या वेली निघाल्या आहेत आणि जमिनीला टेकतील तिथे नवे रोप धरते आहे, काय करू? ते धावते खोड. स्ट्रॉबेरी बीपेक्षा याच मार्गाने वाढते. मूळ झाड थकते, पण जाण्यापूर्वी चार बाजूंना हात पसरून नवी रोपे टेकवते. आम्ही त्याला सांगितले, शेजारी मातीचे पेले ठेव, टोक त्यात दाबून वर खडा ठेव, मुळे धरली की दोर काप. फोनवरचा हा त्या वर्षीचा पहिला विज्ञानाचा तास. महिन्याभरात त्याच्याकडे बावीस रोपे झाली होती.

तरी जागेचा विषय आम्ही काढला नव्हता. तो काढला त्या बुजुर्गांनी, ज्यांनी 2018 साली हरकत घेतली होती. त्यांची बीबी त्या सव्वीसांत होती. ऑक्टोबरात, शाळा पुन्हा भरू लागल्यावर, ते जिना चढून आले. दम लागला होता. म्हणाले, "मास्तर लोगां, बच्चों को भेजो उधर. बहुत सूना लगता. दो गुंठे तो खाली है अभी." आम्ही विचारले, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, "लोगां को मैं देखता."

म्हणून नोव्हेंबर 2021 पासून बाग पुन्हा आहे, पाचांऐवजी दोन गुंठ्यांवर. अटी त्याच. चौदा घरांपैकी नऊ परत आली. ज्यांना नको वाटले त्यांना आम्ही आग्रह केला नाही. कबरींकडच्या बाजूला मुले स्वतःच हळू बोलतात. कुणी शिकवले नाही. बादली रिकामी करून नवी माती भरताना ती पालथी करावी लागते, तेव्हा तळाची पाच भोके दिसतात. जुन्या बादल्या आणि नव्या बादल्या यावरूनच ओळखू येतात. नव्यांना आम्ही गरम सळईने भोके पाडतो, पण ती इतकी सारखी येत नाहीत.

2025 साली रमजान 2 मार्चला सुरू झाला. हिजरी वर्ष चंद्राचे, ते दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकते. झाडाचे वर्ष सूर्याचे, ते जागचे हलत नाही. आमच्या पाहण्यात पहिल्यांदाच पूर्ण रमजान स्ट्रॉबेरीच्या भर हंगामात आला. इफ्तारीच्या थाळीत खजुराशेजारी मुलांनी पिकवलेली दोन-दोन फळे होती. नऊ घरांच्या थाळीत, मशिदीत, आणि मामूंच्या घरी.

त्याच महिन्यात आठवीला क्षेत्रफळ शिकवताना एका मुलीने न सांगता उदाहरण मांडले. दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट. एका कबरीला वाटेसकट धरा 36. म्हणजे साठ. आपल्या जमातीत वर्षाला दहा-बारा मय्यती. "सर, पांच-छे साल. 2030 तक." वर्ग गप्प झाला. आम्ही फळ्यावर गणित तपासले. बरोबर होते. तिला पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या एका मुलाने विचारले, 2030 ला रमजान कधी? मोजून पाहिले, तर त्या साली तो दोनदा येतो, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. दोन्ही वेळा स्ट्रॉबेरीचा हंगाम. मुले खूश झाली. जागा असेल की नाही, हे त्यांनी विचारले नाही. कदाचित उत्तर त्यांना फळ्यावर दिसत होते.

आता आम्ही दर सप्टेंबरात एक काम करतो. सहावीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक बादली आणि दोन रोपे घरी देतो. पत्र्यावर ठेव, जिन्यात ठेव, खिडकीत ठेव. सहा तास ऊन मिळाले की पुरे. मागच्या वर्षी तीस गेल्या. जागेवरच्या ओळी दर साली एक-दोनने कमी होतात. कुठली ओळ आधी उचलायची ते सदरसाहेब येऊन सांगतात, मुले कडीला धरून बादल्या उचलतात आणि ज्यांच्या घरी अजून एकही नाही त्यांच्याकडे नेऊन ठेवतात. यादी वर्गाच्या भिंतीवर लावलेली आहे. या वर्षी अंजिराच्या पिंपाला घर शोधायचे आहे. ते जड आहे, आणि त्याला अंगण लागेल.